बडोद्याच्या पूर्वेकडील गावे आणि तज्ज्ञ डॉक्टरांचा तुटवडा: पार्श्वभूमी

बडोद्याच्या सयाजी हॉस्पिटलची सुरुवात 1886 साली काउंटेस ऑफ डफरिन यांच्या नावाने झाली. महाराजा तिसरे सयाजीराव गायकवाड यांच्या कारकिर्दीत संस्थानाच्या प्रांतांत रुग्णालये आणि तालुक्यांच्या गावी दवाखाने उभे राहत गेले. 1949 साली येथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यावर शहराला शिक्षित तज्ज्ञांचा कायमचा पुरवठा मिळाला. मात्र आज या रुग्णालयावर सर्वांत जास्त विसंबून असलेल्या आदिवासी पट्ट्याचा मोठा भाग गायकवाडांच्या राज्यात नव्हता. डभोई आणि संखेडा बडोदे संस्थानात होते. छोटा उदेपूर हे रेवाकांठ्यातील, म्हणजे नर्मदेच्या परिसरातील लहान संस्थानांच्या गटातील, वेगळे संस्थान होते आणि ते 1948 साली मुंबई प्रांतात विलीन झाले. शहराभोवती साठ वर्षांत घडलेली वैद्यकीय व्यवस्था त्या डोंगराळ मुलखाला वारशाने मिळाली नाही, ही गोष्ट पुढचा इतिहास वाचताना लक्षात ठेवावी लागते.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर देशाच्या आरोग्यसेवेची जी आखणी झाली, तिच्या अध्यक्षस्थानी नाशिकला जन्मलेले सर जोसेफ भोर होते. 1946 साली सादर झालेल्या भोर समितीच्या अहवालाने तातडीचा उपाय म्हणून 40,000 लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र सुचवले. परंतु समितीचे खरे उद्दिष्ट त्याहून कितीतरी मोठे होते. दीर्घ मुदतीत 10,000 ते 20,000 लोकांमागे 75 खाटांचे रुग्णालय, त्याच्या वर 650 खाटांचे आणि जिल्ह्याला 2,500 खाटांचे रुग्णालय असावे, अशी तिची रचना होती. 1952 पासून सामुदायिक विकास कार्यक्रमाबरोबर प्राथमिक केंद्रे उघडू लागली, पण वरच्या दोन पायऱ्या त्या प्रमाणात कधीच उभ्या राहिल्या नाहीत. लसीकरण, कुटुंबनियोजन आणि साथरोग नियंत्रण एवढ्यावरच खालच्या पायरीची शक्ती खर्च होत राहिली. गुंतागुंतीच्या रुग्णासाठी ‘शहरात न्या’ हाच सल्ला उरला.

1975 साली श्रीवास्तव समितीने वैद्यकीय महाविद्यालयांना ग्रामीण केंद्रांशी जोडणाऱ्या संदर्भसेवेची, म्हणजे खालच्या केंद्रातून रुग्ण वरच्या रुग्णालयाकडे पाठवण्याच्या व्यवस्थेची, शिफारस केली, आणि 1977 च्या योजनेत प्रत्येक महाविद्यालयाने तीन विकासगटांची जबाबदारी घ्यावी असे ठरले. कल्पना योग्य होती. तथापि, ज्यांच्यावर शिकवण्याचा आणि शहरी वॉर्डांचा भार आधीच होता, त्याच प्राध्यापकांवर ती सोपवली गेली, आणि नियमित ग्रामीण सेवेचे रूप तिला आले नाही.

पुढे 30 खाटांच्या सामूहिक आरोग्य केंद्राचे, म्हणजे महाराष्ट्रातील ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीच्या केंद्राचे, निकष ठरले: सपाट प्रदेशात 1,20,000 आणि डोंगराळ व आदिवासी भागात 80,000 लोकसंख्येमागे एक. तेथे शल्यचिकित्सक, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ असे चार तज्ज्ञ धरले गेले. भूलतज्ज्ञ या चौघांत नव्हता. माझ्या मते या संपूर्ण इतिहासातील सर्वांत महागात पडलेली उणीव हीच आहे. अडलेल्या बाळंतिणीचे सिझेरियन करायला स्त्रीरोगतज्ज्ञाबरोबर भूल देणारा डॉक्टर, रक्ताचा साठा आणि नवजात बाळाकडे पाहणारा माणूस एकाच वेळी लागतो. यातला एक नसला की उरलेले तिघे हजर असूनही रुग्णाला गाडीत घालावे लागते. 2007 च्या भारतीय सार्वजनिक आरोग्य मानकांत भूलतज्ज्ञाचा समावेश झाला. एमबीबीएस डॉक्टरांना 18 आठवड्यांत जीवरक्षक भूलशास्त्राचे प्रशिक्षण देण्याची योजनाही याच गरजेतून पुढे आली.

पदे मंजूर होणे आणि ती भरली जाणे यांत अर्थातच अंतर राहिले. केंद्र सरकारच्या ग्रामीण आरोग्य सांख्यिकीनुसार 31 मार्च 2022 रोजी देशातील ग्रामीण सामूहिक केंद्रांत गरजेच्या तुलनेत शल्यचिकित्सकांची 83.2 टक्के, बालरोगतज्ज्ञांची 81.6 टक्के, फिजिशियनांची 79.1 टक्के आणि स्त्रीरोगतज्ज्ञांची 74.2 टक्के कमतरता होती. याचा दोष केवळ डॉक्टरांच्या शहरप्रेमाला देणे मला न्याय्य वाटत नाही. सोबतीला भूलतज्ज्ञ नाही, रक्त नाही आणि अनुभवी परिचारिका नाही, अशा ठिकाणी एकटा पाठवलेला शल्यचिकित्सक आपले कौशल्य वापरू शकत नाही, आणि काही महिन्यांत बदलीचा अर्ज करतो.

गुजरातने डिसेंबर 2005 मध्ये वेगळी वाट धरली. चिरंजीवी योजनेत दाहोद आणि पंचमहालांसह पाच जिल्ह्यांत खासगी स्त्रीरोगतज्ज्ञांना गरीब स्त्रियांच्या बाळंतपणासाठी सरकारने पैसे द्यायचे ठरवले. 100 बाळंतपणांमागे 1,79,500 रुपये असा दर होता. सुरुवातीला योजनेचे मोठे कौतुक झाले, परंतु नंतरच्या स्वतंत्र अभ्यासात संस्थात्मक बाळंतपणांत तिच्यामुळे लक्षणीय वाढ झाल्याचे दिसले नाही. खासगी तज्ज्ञ जेथे आधीपासून होते, तेथेच योजना पोहोचू शकत होती. ज्या तालुक्यात तसा डॉक्टरच नव्हता, तेथे पैसे घ्यायला कोणी नव्हते. याउलट छोटा उदेपूर भागातील जबुगामच्या सामूहिक केंद्रात बडोद्याच्या दीपक फाउंडेशन या स्वयंसेवी संस्थेने सरकारबरोबर तातडीची प्रसूतिसेवा उभारली, तेव्हा संपूर्ण चमू आदिवासी पट्ट्यातच नेण्याचा प्रयत्न झाला. भरूच जिल्ह्यातील झगडियात 1980 पासून सेवा रुरल या स्वयंसेवी संस्थेने हेच धोरण धरलेले दिसते.

2007 पासूनच्या 108 रुग्णवाहिकांनी वाट सुकर केली. 2019 साली आलेल्या ई-संजीवनी या सरकारी दूरवैद्यकीय सल्ला सेवेने त्वचारोग, मधुमेह, मानसिक आजार किंवा सिकलसेलच्या रुग्णाचा पाठपुरावा गावातून होऊ शकतो, हे दाखवून दिले. शस्त्रक्रिया मात्र दूरदृश्य प्रणालीवरून होत नाही. 2013 साली छोटा उदेपूर वेगळा जिल्हा झाला, दाहोदला 2018 साली वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तरीही छोटा उदेपूर जिल्ह्यातील कवांट, नसवाडी आणि सीमेपलीकडील मध्य प्रदेशातल्या अलिराजपूरहून गंभीर रुग्ण अजूनही बडोद्याकडेच येतात. त्यामुळे या पट्ट्यातील कोणत्याही केंद्राबद्दल किती तज्ज्ञ नेमले यापेक्षा तेथे रात्री दोन वाजता सिझेरियन होऊ शकते का, हे विचारणे अधिक उपयोगाचे आहे.