ऐकेनाशी झालेली चांदी

चांदीची पट्टी हातोडीचे पहिले काही घाव मुकाट्याने सोसते, पसरते, हवी तशी वाकते. मग एका क्षणी ती ताठ होते आणि हाताच्या जोराला उलटे उसळून उत्तर देऊ लागते. धातू ठोकल्याने कडक होतो हे वाक्य मी कनिष्ठ महाविद्यालयातील भौतिकशास्त्राच्या तासाला अनेकदा उच्चारले आहे, परंतु त्याचा अर्थ माझ्या मनगटाला पहिल्यांदा कळला तो पुण्यात. दोन दिवसांच्या कामासाठी मी नागपूरहून तेथे गेले होते. काम लवकर आटोपले, परतीची गाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होती, आणि मधल्या मोकळ्या वेळात लक्ष्मी रस्त्यामागील एका जुन्या वाड्यात चालणाऱ्या, नवशिक्यांसाठीच्या चार तासांच्या चांदीकामाच्या वर्गाला मी नाव नोंदवले. आम्ही चौघे शिकणारे होतो. प्रत्येकाने बोटात घालायचे एक साधे वळे घडवायचे होते, आणि शिकवणारे काका हे आयुष्यभर ऐरणीपुढे बसलेले कारागीर होते.

प्रत्येकाला मिळालेली पट्टी ९२५ शुद्धतेची होती, म्हणजे हजार भागांत ९२५ भाग चांदी आणि उरलेले ७५ भाग तांबे. शुद्ध चांदी दागिन्यासाठी फार मऊ पडते. रोज बोटात घातली तर ती थोड्याच दिवसांत वाकडी होते. तांब्याचा अणू चांदीच्या अणूपेक्षा सुमारे ११ टक्क्यांनी लहान असल्यामुळे तो चांदीच्या रचनेत शिरला की आजूबाजूची मांडणी किंचित ताणली जाते, आणि एवढ्याशा विस्कळीतपणामुळे धातू लक्षणीयरीत्या बळकट होतो. म्हणून या तांब्याला भेसळ म्हणणे योग्य नाही, कारण दागिना टिकावा यासाठीच ते मोजून घातलेले असते.

काकांनी पहिले काम दिले ते पट्टीवर गोल तोंडाच्या हातोडीने दाट खळ्या पाडण्याचे. यालाच मठारणे म्हणतात, आणि हा शब्द पुण्यात नवा नाही. कसबा पेठेतील तांबट आळीत तांब्याची भांडी अशीच मठारली जातात, आणि त्या खळ्यांमुळे भांडे चमकदार दिसते एवढेच नसून पातळ पत्र्याचे असूनही ते दाबले जात नाही. पंधरा-वीस मिनिटे ठोकल्यावर पट्टी थोडी लांब आणि थोडी पातळ झाली होती. घनफळ बदलत नसल्यामुळे जाडीत जे कमी होते ते लांबी-रुंदीत जाते. त्यानंतर ती दोन्ही हातांनी वाकवून पाहिली, तर ती वाकेना. काका म्हणाले, “ताई, आता ती ऐकेनाशी झाली. जबरदस्ती केलीत तर चीर पडेल. तापवून घ्या.”

हे ‘न ऐकणे’ म्हणजे नेमके काय, याचे उत्तर विज्ञानाला सापडायला विसावे शतक उजाडावे लागले. चांदीचे अणू एकावर एक रचलेल्या थरांमध्ये बसलेले असतात आणि प्रत्येक अणूला १२ निकटचे शेजारी असतात. धातू वाकतो तेव्हा हे थर एकमेकांवरून सरकतात. परंतु एक अख्खा थर एकदम सरकवण्यासाठी किती जोर लागेल याचे गणित रशियन शास्त्रज्ञ याकोव्ह फ्रेंकेल यांनी १९२६ मध्ये मांडले, तेव्हा उत्तर प्रत्यक्षातील जोरापेक्षा कित्येक पटींनी मोठे आले. याचा अर्थ थर एकदम सरकत नसणार. १९३४ मध्ये जी. आय. टेलर, एगॉन ओरोवान आणि मायकेल पोलान्यी या तिघांनी स्वतंत्रपणे एकच खुलासा दिला. स्फटिकाच्या रचनेत काही ठिकाणी अणूंची ओळ अर्धवट तुटलेली असते, आणि हा दोषच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत जातो. मंगल कार्यालयातील लांबलचक सतरंजी ओढून हलत नाही, पण तिच्या एका कडेला उंच सुरकुती काढून ती सुरकुती पायाने पुढे ढकलत नेली की सतरंजी सहज वीतभर सरकते. धातूमधील हे रेषीय दोष त्या सुरकुतीचे काम करतात. धातूचा मऊपणा हा अशा रीतीने त्याच्या अपूर्णतेतून येतो, आणि मला स्वतःला पदार्थविज्ञानातील हा सर्वांत सुंदर निष्कर्षांपैकी एक वाटतो.

मग ठोकल्यावर धातू कडक का होतो? कारण प्रत्येक घावाने नवे दोष जन्माला येतात. चांगल्या तापवलेल्या धातूच्या एका चौरस सेंटिमीटर छेदातून असे साधारण दहा लाख ते दहा कोटी दोष जातात, तर भरपूर ठोकलेल्या धातूत हीच संख्या एक लाख कोटींच्या घरात पोहोचते. सुरकुत्या मोजक्या असतील तर त्या निर्वेध पुढे जातात. त्यांची गर्दी झाली की त्या एकमेकींना अडवतात. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्ता, केळकर रस्ता, कुमठेकर रस्ता आणि टिळक रस्ता यांवरून येणाऱ्या मिरवणुका अलका टॉकीज चौकात एकत्र येतात तेव्हा प्रत्येक मिरवणूक स्वतः चालायला तयार असूनही कोणालाच पुढे सरकता येत नाही. माझ्या पट्टीत त्या वेळी नेमके हेच घडले होते.

तापवण्यासाठी काकांनी खोलीतील दिवे मालवले. ही कृती मला फार महत्त्वाची वाटली. कोणताही घन पदार्थ सुमारे ५२५ अंश सेल्सिअसला अंधारात मंद लाल दिसू लागतो, ही गोष्ट जॉन विल्यम ड्रेपर यांनी १८४७ मध्ये दाखवून दिली होती. ९२५ ची चांदी मऊ होण्यासाठी सुमारे ६५० अंशांपर्यंत तापवावी लागते, आणि त्या तापमानाचा लालसर रंग इतका फिका असतो की उजेडात तो डोळ्यांना दिसतच नाही. त्यातच चकचकीत चांदी प्रकाश उत्तम परावर्तित करते, आणि जो पृष्ठभाग प्रकाश कमी शोषतो तो तापल्यावर कमीच प्रकाश बाहेर टाकतो, असा किर्कहॉफचा नियम आहे. म्हणजे लोखंडाच्या रंगावर तयार झालेली नजर चांदीवर फसते. नवशिक्यांच्या सोयीसाठी काकांनी पट्टीवर पक्क्या शाईच्या पेनाने एक रेघ ओढायला सांगितली. ज्योतीखाली ती रेघ पुसट होऊन नाहीशी झाली की चांदी मऊ झाली असे समजायचे.

या तापमानाला अणूंना जागा बदलण्याइतकी ऊर्जा मिळते आणि धातू ज्या बारीक स्फटिक-कणांचा बनलेला असतो त्यांतील दोषांनी भरलेल्या जुन्या कणांच्या जागी नवे, जवळजवळ निर्दोष कण वाढू लागतात. पण ज्योत अधिक काळ धरली तर हे कण एकमेकांना गिळत फार मोठे होतात, आणि मग पट्टी वाकवताना तिच्यावर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा उमटतो. माझ्या शेजारच्या मुलीची पट्टी तशी झाली होती, आणि काकांनी ती आम्हा सर्वांना मुद्दाम भिंगाखाली दाखवली.

लाली विझल्यावर पट्टी पाण्यात बुडवायची होती. लोहार पोलादाला पाणी देतो ते त्याला कडक करण्यासाठी, त्यामुळे येथेही तसेच होईल असे कोणालाही वाटेल. चांदीत मात्र उलटे घडते. उच्च तापमानाला तांबे चांदीत चांगले मिसळते, आणि ७७९ अंशांना ते सुमारे ८.८ टक्क्यांपर्यंत विरघळून राहू शकते, परंतु थंड होताना त्याला चांदीत जागा उरत नाही आणि ते बारीक कणांच्या रूपाने वेगळे होऊ पाहते. हे कण दोषांची वाट अडवून धातूला पुन्हा कडक करतात. पाण्यात बुडवून तापमान झटकन खाली आणले की तांब्याला वेगळे व्हायला वेळच मिळत नाही, आणि पट्टी मऊच राहते. माझी पट्टी बाहेर काढली तेव्हा ती ओल्या वेताप्रमाणे वाकत होती.

मापाचे गणित छोटे असले तरी बहुतेक जण तेथे चुकतात. वळ्याचा आतला व्यास १७ मिलिमीटर हवा म्हणून १७ ला पायने (π, म्हणजे सुमारे ३.१४ ने) गुणले तर पट्टी आखूड पडते, कारण वाकवताना आतली बाजू दाबली जाते, बाहेरची ताणली जाते आणि मधली रेषा तेवढी जशीच्या तशी राहते. पट्टीची जाडी दीड मिलिमीटर असेल तर ती १७ मध्ये मिळवून १८.५ ला पायने गुणायचे, म्हणजे सुमारे ५८ मिलिमीटर लांबी येते.

दुपारचा बराच वेळ गेला तो झाळकामात, म्हणजे वाकवलेल्या पट्टीची दोन टोके जोडण्यात, आणि माझ्या मते या कलेतील सर्वांत कठीण भाग हाच आहे. चांदी उष्णतेची सर्वोत्तम वाहक असलेली धातू आहे. ती लोखंडाच्या पाचपटींहून अधिक सहजतेने उष्णता वाहून नेते. त्यामुळे केवळ सांध्यावर ज्योत धरून सांधा तापत नाही, उष्णता क्षणात साऱ्या वळ्यात पसरते, आणि म्हणून अख्खे वळे एकसारखे तापवत न्यावे लागते. झाळ म्हणजे चांदी, तांबे आणि जस्त यांचा असा मिश्रधातू, जो वळ्याच्या धातूपेक्षा कमी तापमानाला वितळतो. ९२५ ची चांदी सुमारे ८०० अंशांना वितळू लागते आणि झाळ त्याच्या थोडी अलीकडे, त्यामुळे कारागिराच्या हाती काही दहा अंशांचीच सवलत असते. वितळलेली झाळ मोठी फट भरत नाही. ती केशाकर्षणाने अरुंद फटीत ओढली जाते, आणि म्हणूनच सांध्याची दोन्ही टोके कानशीने घासून त्यांच्यामधून उजेड दिसणार नाही इतकी जुळवावी लागतात.

सांध्याला लावायचा टाकणखार आजीच्या बटव्यातून अनेकांच्या परिचयाचा असेल. तो तापला की त्यातले पाणी निघून जाते आणि त्याची लाही फुलते. ही लाही झाळेचे तुकडे जागेवरून उडवते, म्हणून सुरुवातीला ज्योत लांबूनच फिरवायची. पुढे साधारण ७४० अंशांच्या आसपास तो वितळून काचेसारखा पसरतो, हवेतील ऑक्सिजन सांध्यापर्यंत पोहोचू देत नाही आणि तयार झालेले तांब्याचे ऑक्साइड स्वतःत विरघळवून घेतो. टाकणखारातला ‘टाकण’ हा संस्कृत टंकण आहे, आणि हाच शब्द व्यापाराबरोबर प्रवास करत युरोपात टिंकल म्हणून पोहोचला.

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगितली पाहिजे. सराफांच्या पाट्यांवर एके काळी सर्रास दिसणारे ‘केडीएम’ हे कॅडमियमच्या झाळेचे नाव होते. कॅडमियम झाळेला सहज वाहते करते, पण ते ७६७ अंशांनाच उकळते, म्हणजे झाळताना त्याची वाफ होऊन ती कारागिराच्या श्वासात जाते, आणि कॅडमियम मानवात कर्करोग घडवते हे सिद्ध झालेले आहे. तुम्ही कोणत्याही गावात असा वर्ग करणार असाल तर झाळ कॅडमियमविरहित आहे का आणि खोलीत हवा खेळती आहे का, हे दोन प्रश्न पैसे भरण्यापूर्वी विचारावेत. काकांनी ते आमच्या विचारण्याआधीच सांगितले होते.

झाळल्यावर वळे काळे पडते, पण तो काळेपणा चांदीचा नसतो. चांदीचे ऑक्साइड काहीशे अंशांना विघटन पावते, त्यामुळे लाल तापलेल्या चांदीवर ते टिकूच शकत नाही. काळा थर असतो तो तांब्याच्या ऑक्साइडचा. सौम्य आणि कोमट आम्लात तो विरघळतो आणि वळे दुधासारखे पांढरे निघते, कारण पृष्ठभागावरील तांबे निघून गेल्यामुळे तेथे जवळजवळ शुद्ध चांदीचा थर उरलेला असतो. आम्लातून वळे काढताना मी चुकून तांब्याच्या चिमट्याऐवजी लोखंडी चिमटा बुडवला आणि वळ्यावर गुलाबी छटा आली. लोखंड आम्लात विरघळताना इलेक्ट्रॉन सोडते, आणि आधीच्या वळ्यांमधून आम्लात उतरलेले तांबे ते इलेक्ट्रॉन घेऊन चांदीवर बसते. काकांनी वळे पुन्हा स्वच्छ करून दिले, आणि मला विद्युतविलेपनाचे इतके थेट प्रात्यक्षिक प्रयोगशाळेत कधी मिळाले नव्हते.

झाळण्याच्या उष्णतेने वळे पुन्हा मऊ झालेले असते, म्हणून शेवटी ते निमुळत्या लोखंडी दांड्यावर चढवून लाकडी हातोड्याने गोलाकार ठोकून घ्यावे लागते. सकाळी ज्या कडकपणाशी झगडावे लागले होते तोच आता मुद्दाम आणायचा असतो. मग पॉलिश, आणि साधारण साडेतीन ग्रॅमचे वळे तयार.

परतताना तुळशीबागेत थांबले, तेव्हा तेथील ‘ऑक्सिडाइज्ड’ दागिन्यांकडे मी वेगळ्या नजरेने पाहिले. चांदीला मुद्दाम दिलेला तो काळा रंग ऑक्सिजनचा नसून गंधकाचा असतो, म्हणजे तो सिल्व्हर सल्फाइडचा थर आहे. आणि जर्मन सिल्व्हर म्हणून विकल्या जाणाऱ्या धातूत तांबे, निकेल आणि जस्त असते, चांदी मुळीच नसते. घरची चांदी काळवंडते तीही हवेतील अत्यल्प हायड्रोजन सल्फाइडमुळेच. गौरी-गणपतीच्या आधी ती राखेने किंवा रांगोळीने घासली की काळेपणाबरोबर थोडी चांदीही निघून जाते. त्याऐवजी भांड्यात ॲल्युमिनियमची फॉइल अंथरून तिला टेकेल अशी चांदी ठेवावी आणि वरून खाण्याचा सोडा व मीठ घातलेले गरम पाणी ओतावे. गंधक ॲल्युमिनियमकडे जाते आणि चांदी जागच्या जागी परत मिळते. काळी नक्षी मुद्दाम ठेवलेल्या दागिन्याला मात्र हा उपाय करू नये.

माझे वळे मी तेव्हापासून रोज बोटात घालते. पुण्याहून आल्यावर तिसऱ्या आठवड्यात त्याच्या आतल्या बाजूला केसाएवढी पिवळसर रेघ उमटली. बाकी सगळे वळे पांढरे असताना ती तेवढ्याच जागी का आली हे भिंगाखाली धरल्यावर लक्षात आले: ती सांध्याची रेघ होती, आणि झाळेत तांबे व जस्त अधिक असल्यामुळे गंधकाने तिला सर्वांत आधी गाठले होते.