लिंगभावाचा प्रश्न स्वतःकडे वळतो तेव्हा : पार्श्वभूमी

लिंगभाव म्हणजे आपण पुरुष, स्त्री की आणखी कोणी आहोत याची जाणीव आणि समाजाने त्यानुसार केलेली घडण. या लिंगभाव-वैविध्याच्या प्रशिक्षणांत अलीकडे आत्मपरीक्षणावर भर दिला जाऊ लागला आहे. शिक्षक, पोलीस किंवा डॉक्टर यांना पारलिंगी (जन्मावेळी नोंदलेल्या लिंगाहून ज्यांचा लिंगभाव वेगळा आहे अशा) व्यक्तींविषयी माहिती देण्याआधी स्वतःच्या घडणीकडे सजगपणे पाहायला सांगितले जाते. मुलगा किंवा मुलगी म्हणून आपल्याला काय शिकवले गेले, कोणती मोकळीक न मागताच मिळाली, आपल्याहून वेगळा माणूस समोर आला की आपण नेमके कशाने अवघडतो, असे ते प्रश्न असतात. ही पद्धत वरवर मवाळ दिसत असली, तरी तिने एक जुनी रीत उलटी केली आहे. आपल्याकडे लिंगभावाचा खुलासा नेहमी दुसऱ्याकडून मागितला गेला, आणि तो मागण्याचा अधिकार ज्यांच्या हाती होता त्यांना स्वतःचा खुलासा कधी द्यावा लागला नाही.

या रीतीला कायद्याचे बळ मिळाले ते 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने. त्या कायद्याचा दुसरा भाग ज्यांना इंग्रज सरकार ‘युनक’ म्हणत असे त्यांच्यासाठी, म्हणजे प्रामुख्याने हिजडा समाजासाठी होता, आणि तो प्रथम उत्तरेकडील प्रांतांत लागू झाला. मुले पळवणे, त्यांचे लिंगच्छेदन करणे किंवा दंडसंहितेच्या कलम 377 खालील गुन्हा (‘अनैसर्गिक’ मानलेले लैंगिक संबंध) करणे यांचा संशय ज्यांच्यावर असे, त्यांचे नाव, राहण्याचे ठिकाण आणि मालमत्ता यांची सरकारी नोंदवही ठेवली जाई. नोंद झालेली व्यक्ती बाईच्या वेशात किंवा दागिने घालून रस्त्यावर दिसली, अथवा लोकांसमोर नाचली किंवा तिने वाद्य वाजवले, तर तिला वॉरंटशिवाय अटक करता येत असे आणि दोन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा होऊ शकत असे. मृत्युपत्र करणे, बक्षीसपत्र देणे, मुलगा दत्तक घेणे हेही तिला बंद होते. बाईचा वेश कोणता आणि तो कोणाला शोभतो हे रस्त्यावरच्या शिपायाने ठरवायचे होते. ज्याच्या अंगावर तो वेश होता, त्याच्या स्वतःच्या जाणिवेला कायद्याच्या लेखी काहीच मोल नव्हते.

प्रश्नाची दिशा उलट फिरवण्याचा मराठीतील एक मोठा प्रयत्न याच काळातला आहे. सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला 1881 मध्ये बालहत्येबद्दल शिक्षा झाली आणि स्त्रियांच्या चारित्र्यावर वर्तमानपत्रांतून लिखाण सुरू झाले, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून पुण्यात छापवली. स्त्रियांच्या माथी मारलेले दुर्गुण पुरुषांत आहेत की नाहीत, हे त्यांनी एकेक दोष घेऊन तपासायला लावले. जोतीराव फुले त्यांच्या बाजूने उभे राहिले, परंतु पुस्तकाची पुढे दीर्घ काळ उपेक्षा झाली. ताराबाईंसमोर स्त्री आणि पुरुष हेच दोन पक्ष होते. पारलिंगी व्यक्तींचा विचार त्यांच्या पुस्तकाचा विषय नव्हता. तरीही सत्ता ज्याच्या हाती आहे त्याने आधी स्वतःकडे पाहावे, ही मागणी इतक्या थेटपणे त्यांनी केली, आणि आजच्या प्रशिक्षणांचा धागा मागे न्यायचा तर तो त्यांच्यापर्यंत नेला पाहिजे असे मला वाटते.

पुरुषांनी ही मागणी स्वतःहून स्वीकारल्याचे एक उदाहरण मुंबईत, शंभराहून अधिक वर्षांनी सापडते. 1991 मध्ये एका पत्रकाराने वर्तमानपत्रात जाहिरात देऊन, बायकोला मारहाण करणे चूक मानणाऱ्या पुरुषांना पुढे येण्याचे आवाहन केले. त्याला दोनशेहून अधिक पुरुषांनी प्रतिसाद दिला आणि त्यातून 1993 मध्ये ‘मेन अगेन्स्ट व्हायलन्स अँड अब्यूज’, म्हणजे ‘मावा’, ही संस्था उभी राहिली. तरुण मुलांना पुरुषपणाच्या कल्पनांविषयी मोकळेपणाने बोलते करणे हा तिच्या कामाचा गाभा राहिला. पुढच्याच वर्षी मुंबईतच समलिंगी आणि पारलिंगी व्यक्तींसाठी हमसफर ट्रस्ट स्थापन झाला.

न्यायालयांत निर्णायक वळण आले ते 15 एप्रिल 2014 रोजी. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाचे न्या. के. एस. राधाकृष्णन आणि न्या. ए. के. सिकरी यांनी, आपला लिंगभाव ठरवण्याचा अधिकार त्या व्यक्तीचाच आहे आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालणे अनैतिक व बेकायदेशीर आहे, असा निकाल दिला. 10 जानेवारी 2020 पासून लागू झालेल्या 2019 च्या पारलिंगी व्यक्ती (हक्क संरक्षण) कायद्याने स्वतः जाणलेल्या लिंगभावाचा हक्क मान्य केला खरा, पण प्रमाणपत्राचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे ठेवला. जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुक येथे एका पारलिंगी उमेदवाराचा ग्रामपंचायतीच्या महिला राखीव जागेवरील अर्ज निवडणूक अधिकाऱ्याने फेटाळला, तेव्हा जानेवारी 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने याच निकालाचा आणि कायद्याचा आधार घेऊन तो अर्ज ग्राह्य धरला. त्या उमेदवार निवडूनही आल्या.

या साऱ्या प्रवासात सर्वांत वेगळी घटना त्याच वर्षी मद्रास उच्च न्यायालयात घडली. मदुराईच्या दोन तरुणी एकमेकींसोबत राहता यावे म्हणून घर सोडून चेन्नईला आल्या होत्या. पालकांनी त्या हरवल्याची तक्रार केली होती आणि तरुणींनी पोलिसांच्या त्रासापासून संरक्षण मागितले होते. न्या. एन. आनंद वेंकटेश यांनी पालकांना आणि तरुणींना समुपदेशकाकडे पाठवले. ते करताना त्यांच्या लक्षात आले की या विषयावर निकाल देण्याइतकी समज स्वतःलाही नाही. म्हणून त्यांनी स्वतः मानसशास्त्रज्ञाबरोबर बसून आपले पूर्वग्रह तपासले, आणि समलैंगिकता पूर्णपणे न समजलेल्या बहुसंख्यांपैकीच आपण एक आहोत, हे 7 जून 2021 च्या आदेशात लिहून ठेवले. निकाल देणाऱ्याने स्वतःचे अज्ञान न्यायालयाच्या अभिलेखात नोंदवावे, ही भारतीय न्यायव्यवस्थेतील फार मोलाची कृती आहे. त्यांचे आत्मपरीक्षण खासगी समाधानापाशी थांबले असते, तर त्याचा त्या दोघींपलीकडे कोणाला उपयोग झाला नसता. आदेशात लैंगिक कल ‘बदलण्या’च्या उपचारांना मनाई होती आणि पोलीस, न्यायाधीश, शिक्षक, आरोग्यसेवक व पालक यांच्या संवेदनशीलतेसाठी कार्यक्रम आखण्याचे निर्देश होते. पाठपुराव्यातून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये असे उपचार करणे हे डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले.

वैद्यकीय शिक्षणात हा विचार किती खोल रुजला, याची परीक्षा ऑगस्ट 2024 मध्ये झाली. याच आयोगाने जाहीर केलेल्या न्यायवैद्यक अभ्यासक्रमात स्त्रियांमधील समलैंगिकता ‘अनैसर्गिक लैंगिक गुन्ह्यां’च्या यादीत पुन्हा आली होती, तीही सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळल्यानंतर सहा वर्षांनी. पारलिंगी आणि अपंग हक्कांसाठी काम करणाऱ्यांनी आवाज उठवला, तेव्हा सप्टेंबरमध्ये आयोगाने तो मजकूर मागे घेऊन सुधारित अभ्यासक्रम जाहीर केला.