नासाचं ‘कोट्यवधींचं पेन’: खरा हिशेब

अंतराळ मोहिमा म्हणजे पैशाची उधळपट्टी, हे पटवायला एक किस्सा हटकून पुढे येतो: शून्य गुरुत्वात चालणाऱ्या पेनवर नासाने कोट्यवधी डॉलर घातले, रशियनांनी सरळ पेन्सिल उचलली. हे खोटं आहे.

पेन्सिली सुरुवातीला दोघांनीही वापरल्या. १९६५ मध्ये नासाने ३४ मेकॅनिकल पेन्सिली सुमारे १२९ डॉलरला एक या दराने घेतल्या आणि त्यावरून भरपूर बोलणी खाल्ली. (उधळपट्टीच दाखवायची तर हे उदाहरण घ्यावं.)

पेन्सिलीची अडचण वेगळीच. मोडलेलं टोक खाली पडत नाही. केबिनभर तरंगतं, डोळ्यात जाऊ शकतं. ग्राफाइट वीजवाहक असल्याने त्याची पूड स्विचमध्ये शिरली की शॉर्टसर्किटचा धोका. शिवाय लाकूड पेटतं, आणि जानेवारी १९६७ मध्ये अपोलो १ च्या आगीत तीन अंतराळवीर गेल्यावर हा मुद्दा कुणी हसण्यावारी नेणार नव्हतं.

पेन बनवलं पॉल फिशर या पेन-उत्पादकाने, स्वतःच्या पैशाने. बंद रिफिलमध्ये दाबाखालचा नायट्रोजन शाई पुढे ढकलतो. शाई एरवी जेलसारखी घट्ट असते. टोकाची टंगस्टन कार्बाइडची गोळी फिरली की पातळ होते. तशी नसती तर दाबामुळे गळतच राहिली असती. चाचण्यांनंतर नासाने ४०० पेनं घेतली, काही डॉलरना एक. १९६९ मध्ये सोव्हिएत संघानेही १०० पेनं आणि १,००० रिफिली घेतल्या.

साधं बॉलपेन तिथे चालतच नाही, हेही खरं नाही. २००३ मध्ये पेद्रो दुके या स्पॅनिश अंतराळवीराने तेही वापरून दाखवलं.