जोकरच्या गालांवरचे व्रण

‘द डार्क नाइट’ या २००८ च्या बॅटमॅनपटातला खलनायक जोकर आपल्या गालांवरच्या व्रणांची गोष्ट दोनदा सांगतो. पहिल्यांदा गॅम्बल या टोळीप्रमुखाच्या तोंडात सुरीचं पातं धरून: बाप दारुडा होता, त्याने आईवर सुरी चालवली आणि मग मुलाच्या चेहऱ्यावर हसू कोरलं. दुसऱ्यांदा भरल्या मेजवानीत, रेचल डॉसला: बायकोचा चेहरा सावकारांच्या माणसांनी फाडला, तिचं दुःख हलकं व्हावं म्हणून याने स्वतःच वस्तरा तोंडात घातला. पहिली गोष्ट ऐकताना आपण नकळत तिच्यावर विश्वास ठेवतो. दुसरी सुरू झाली की कळतं, या माणसाबद्दल आपल्याला काहीच ठाऊक नाही. सिनेमात एवढे स्फोट आहेत, पण मला त्याची खरी भीती वाटली ती या क्षणी.

त्या व्रणांना मात्र एक खरा इतिहास आहे, आणि तो फ्रान्समधून परागंदा झालेल्या एका लेखकापासून सुरू होतो. तिसऱ्या नेपोलियनला विरोध केल्यामुळे देश सोडावा लागलेल्या व्हिक्टर ह्यूगोची एक कादंबरी १८६९ साली प्रसिद्ध झाली. काळ सतराव्या शतकाच्या अखेरचा आणि अठराव्याच्या आरंभाचा, देश इंग्लंड. राजाला नकोशा झालेल्या एका उमरावाचं मूल, दुसऱ्या जेम्सच्या हुकमावरून, मुलं विकत घेऊन त्यांना विद्रूप करणाऱ्या टोळीच्या हाती पडतं. टोळी त्याचं तोंड चिरून कायमचं हसतं करून टाकते. हा ग्विनप्लेन मोठा होतो, जत्रेत खेळ करून पोट भरतो. मनात दुःख असो की संताप, चेहरा हसतच असतो. पुढे त्याचा जन्म उघडकीला येतो, तो उमरावांच्या सभागृहात उभा राहतो, उपाशी रयतेची बाजू मांडतो, आणि सगळी सभा त्याच्या तोंडाकडे पाहून खिदळत सुटते. ह्यूगोच्या लेखी ते हसू म्हणजे सत्तेने दुबळ्याच्या देहावर केलेली जखम होती.

१९२८ मध्ये हॉलिवूडच्या युनिव्हर्सल कंपनीने या कादंबरीवर ‘द मॅन हू लाफ्स’ हा चित्रपट काढला. दिग्दर्शक पॉल लेनी आणि नायक कॉनराड फाइट, दोघेही जर्मन चित्रपटसृष्टीतून आलेले. रंगभूषाकार जॅक पिअर्सने फाइटसाठी खास कवळी बनवली होती. तिला लावलेले आकडे ओठांचे कोपरे मागे ओढून धरत. या चित्रपटातली फाइटची छायाचित्रं एकदा जरूर पाहावीत. दात विचकलेले आणि डोळे पाण्याने भरलेले, अशी ती आहेत. नुसता खालचा अर्धा चेहरा पाहिला तर तो जोकरच वाटतो. डोळे पाहिले की मात्र पोटात कालवतं.

त्या चेहऱ्याचा पुढचा प्रवास न्यूयॉर्कमध्ये झाला. १९३९ साली कॉमिक्समध्ये अवतरलेल्या बॅटमॅनला १९४० च्या वसंतात स्वतःच्या नावाचं नियतकालिक मिळालं आणि त्याच्या पहिल्याच अंकात जोकर आला. त्याला कुणी घडवलं, हा वाद शेवटपर्यंत मिटला नाही. जेमतेम अठरा वर्षांचा चित्रकार जेरी रॉबिन्सन म्हणे, पत्त्यातल्या जोकरचं चित्र मी आणलं. बॅटमॅनचा चित्रकार बॉब केन याचं म्हणणं होतं, लेखक बिल फिंगरने फाइटचा फोटो आणून दाखवला, त्यातून जोकर झाला. फोटो फिंगरने आणला, एवढ्यावर दोघांचं एकमत होतं. याच फिंगरचं नाव बॅटमॅनचा निर्माता म्हणून छापलं जायला २०१५ उजाडलं. तो वारला १९७४ मध्ये. हा अन्याय मला आजही सलतो.

माझ्या मते खरी उलथापालथ याच टप्प्यावर झाली. ह्यूगोच्या गोष्टीतून फक्त तोंड उचललं गेलं आणि त्यामागची वेदना मागेच राहिली. अन्याय सोसणाऱ्याचं हसू अन्याय करणाऱ्याच्या चेहऱ्यावर चिकटलं. पहिल्या अंकातला जोकर कोण, कुठला, असा का, यावर एक अक्षर नाही. तो रेडिओवरून बळीचं नाव आणि मृत्यूची वेळ जाहीर करतो आणि त्याच्या विषाने मेलेल्यांची तोंडंही हसरी होतात. रमी खेळणाऱ्यांना सांगायला नको: जोकरला स्वतःचं रूप नसतं, तो कुठल्याही पानाच्या जागी बसतो. त्याच अंकाच्या अखेरीस त्याला मारून टाकायचं ठरलं होतं. संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांनी ते अडवलं आणि तो जिवंत असल्याचं दाखवणारं एक चित्र जोडलं गेलं. एवढ्याशा चौकटीवर पुढची सगळी दशकं उभी आहेत.

१९५१ मध्ये त्याला भूतकाळ मिळाला. रसायनांत पडून रंग उडालेला चोर, असा तो होता. १९५४ मध्ये अमेरिकेत कॉमिक्सवर आचारसंहिता आली, जोकर खोड्या काढणारा भुरटा झाला आणि १९६६ च्या दूरदर्शन मालिकेत सीझर रोमेरोने तो मिशांवरच पांढरा रंग फासून साकारला. १९७३ मध्ये डेनिस ओ’नील आणि नील ॲडम्स यांनी त्याला पुन्हा खुनी केलं. १९८८ मध्ये बॅटमॅनचा जोडीदार असलेल्या दुसऱ्या रॉबिनला जोकरच्या हातून मरू द्यायचं का, यावर वाचकांनी फोनवरून मतं दिली. ५,३४३ विरुद्ध ५,२७१ मतांनी रॉबिन मेला. त्याच वर्षी ॲलन मूर आणि ब्रायन बोलंड यांच्या ‘द किलिंग जोक’मध्ये जोकर सांगतो की आपला भूतकाळ त्याला कधी असा आठवतो, कधी तसा. २००८ च्या सिनेमातल्या दोन गोष्टींचं बीज मला इथे दिसतं.

‘द डार्क नाइट’ लिहिणारे ख्रिस्तोफर आणि जोनाथन नोलन हे भाऊ मात्र त्याहून मागे, १९४० च्या अंकाकडे गेले. पत्त्यातला जोकर मागे सोडणं, खुनाची आगाऊ घोषणा, हे सगळं तिथलं आहे. रसायनाचा हौद त्यांनी टाकून दिला आणि १९४० च्या जोकरला नसलेले व्रण परत आणले. जोकर साकारणाऱ्या हीथ लेजरच्या गालांवर ते सिलिकॉनचे होते. रंगभूषाकार जॉन कॅग्लिओनी रंग लावत असताना लेजर कपाळाला आठ्या घाली, म्हणजे सुरकुत्यांमध्ये रंग तडकल्यासारखा दिसे. भूमिकेच्या तयारीसाठी त्याने स्वतःला महिनाभर हॉटेलच्या खोलीत कोंडून घेतलं होतं. आवाज, हसणं, चाल यांवर तो तिथे काम करत होता, डायरी लिहीत होता. सारखी ओठांवरून फिरणारी ती जीभ पाहिली की मला फाइटच्या तोंडातले आकडे आठवतात.

२२ जानेवारी २००८ रोजी, चित्रपट लागायच्या सहा महिने आधी, लेजर गेला. वय २८. पुढच्या वर्षी त्याला मिळालेलं ऑस्कर आईवडील आणि बहिणीने स्वीकारलं.

सिनेमाच्या शेवटाकडे, अर्धवट बांधलेल्या इमारतीत, बॅटमॅन खाली पडलेला असताना जोकर तिसऱ्यांदा तोच विषय काढतो: हे व्रण कसे झाले, ठाऊक आहे? या वेळी बॅटमॅन ऐकून घेत नाही. मनगटावरची पाती सोडतो आणि जोकर खाली कोसळतो. बॅटमॅनच त्याला वरच्या वर अडकवतो. तो दोराला उलटा लोंबकळत असताना कॅमेरा हळूहळू फिरतो आणि त्याचा चेहरा आपल्यासमोर सुलटा येतो. तिसरी गोष्ट सांगायची राहूनच जाते. तो हसत असतो.