मिसिओ कॅनोनिका

कॅथलिक धर्मशास्त्र चर्चच्या वतीने शिकवण्यासाठी सक्षम धर्माधिकाऱ्याकडून मिळणारी अनुज्ञा. ती सामान्यतः स्थानिक बिशप किंवा चर्चच्या विद्यापीठाचा कुलपती देतो. शिक्षक स्वतःच्या अधिकारात नव्हे, तर चर्चने सोपवलेले कार्य म्हणून शिकवतो, हे तिच्यामागील तत्त्व होय. अनुज्ञा रद्द झाल्याने धर्मगुरूपद जात नाही आणि चर्चमधून बहिष्कृतही केले जात नाही. वृत्तपत्री लेखनात हा भेद हमखास पुसला जातो.

अनुज्ञेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक तिचे मूळ मध्ययुगीन अध्यापन-परवान्यात शोधतात. तथापि चर्चच्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने (११७९) अशा परवान्यासाठी पैसे घेण्यास मनाई केली आणि लायक व्यक्तीला तो नाकारू नये, असेही बजावले. त्या नियमाचा रोख परवाना देणाऱ्याच्या मनमानीवर होता, शिक्षकाच्या मतांवर नव्हता. त्यामुळे १९व्या शतकातील जर्मन प्रदेशांकडे निर्देश करणारे मत अधिक ग्राह्य वाटते. तेथे शिक्षणसंस्था शासनाच्या हाती गेल्या. नेमणूक शासनाची, पण शिकवण कॅथलिक आहे की नाही हे कोणी ठरवायचे, असा पेच उभा राहिला. १८४८ मधील वुर्झबर्ग येथील बैठकीच्या सुमारास बिशपांनी तो अधिकार आपला असल्याचे आग्रहाने मांडले. पुढे पोप अकरावे पायस यांच्या १९३१ च्या संविधानाने (पोपने काढलेल्या उच्च दर्जाच्या कायदेशीर आदेशाने) चर्चच्या विद्यापीठांतील प्राध्यापकांना ही अनुज्ञा आवश्यक ठरवली. १९७९ च्या ‘सापिएन्शिया क्रिस्तियाना’ या पोपच्या संविधानातील २७व्या कलमाने श्रद्धा व नीती हे विषय शिकवणाऱ्यांसाठी ती कायम ठेवली. १९८३ च्या धर्मसंहितेतील (चर्चच्या कायद्यांच्या संहितेतील) ८१२व्या नियमात ‘मांदातुम’ (आदेश) अशी वेगळी संज्ञा आहे. दोन्ही एकच मानाव्यात का, याविषयी विधिज्ञांत एकमत नाही.

सर्वाधिक गाजलेले प्रकरण स्विस धर्मगुरू हान्स क्युंग (१९२८–२०२१) यांचे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत ते तज्ज्ञ सल्लागार होते. १९७० साली, म्हणजे पोपच्या प्रमादातीतत्वाचा (श्रद्धा व नीतीविषयीच्या अंतिम निर्णयात पोप चुकू शकत नाही, असा) सिद्धांत जाहीर झाल्याला शंभर वर्षे होत असताना, त्यांनी त्याच सिद्धांतावर प्रश्नचिन्ह लावणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. संततिनियमनाची कृत्रिम साधने निषिद्ध ठरवणारे १९६८ चे पोपचे परिपत्रक हे त्यामागील निकटचे निमित्त. चुका होऊनही चर्च सत्यात टिकून राहते. त्यासाठी चुकूच न शकणारी विधाने लागत नाहीत, असे त्यांचे प्रतिपादन. कार्ल राहनर यांच्यासारख्या सुधारणावादी धर्मशास्त्रज्ञानेही त्यावर कडक टीका केली. तेव्हा हा वाद केवळ रोमविरुद्ध एक प्राध्यापक असा रंगवणे अपुरे आहे. १९७५ मध्ये रोमच्या धर्मसिद्धांत मंडळाने समज दिली. डिसेंबर १९७९ मध्ये क्युंग यांना कॅथलिक धर्मशास्त्रज्ञ मानता येणार नाही, असे मंडळाने जाहीर केले आणि स्थानिक बिशप गेओर्ग मोझर यांनी अनुज्ञा काढून घेतली.

येथे कायद्याची खरी गुंतागुंत दिसते. क्युंग शिकवत ते जर्मनीतील ट्यूबिंगेन विद्यापीठ शासनाचे. वेतन आणि पद शासनाने दिलेले. मात्र धर्मसत्ता व शासन यांच्यातील करारांमुळे कॅथलिक विद्याशाखेतील प्राध्यापकाला बिशपचा विश्वास लागतो. १९८० मध्ये तडजोड झाली: क्युंग यांची ख्रिस्ती पंथांच्या ऐक्याविषयीची संशोधन संस्था विद्याशाखेतून वेगळी काढून थेट विद्यापीठ प्रशासनाखाली आणली गेली. प्राध्यापकपद राहिले, विद्याशाखा गेली. १९९६ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते तेथेच शिकवत होते. शिक्षेने त्यांचा श्रोतृवर्ग घटण्याऐवजी बहुधा वाढलाच. २००५ मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी त्यांची भेट घेतली. १९६६ साली बेनेडिक्ट यांना (तेव्हाचे प्राध्यापक योझेफ रात्झिंगर) ट्यूबिंगेनला आणण्यात क्युंग यांचाच पुढाकार होता. भेटीत सैद्धांतिक वाद बाजूला ठेवला गेला आणि अनुज्ञा परत मिळाली नाही.

अमेरिकेत नीतिशास्त्रज्ञ चार्ल्स करन यांना १९८६ मध्ये रोमने कॅथलिक धर्मशास्त्र शिकवण्यास अपात्र ठरवले. वॉशिंग्टनमधील कॅथलिक विद्यापीठाविरुद्धचा त्यांचा दावा १९८९ मध्ये फेटाळला गेला. तेथे चर्चच मालक असल्याने ट्यूबिंगेनसारखी पळवाट नव्हती.

भारतात १९५५ मध्ये श्रीलंकेतील कँडीहून पुण्यात आलेल्या पोपप्रणीत सेमिनरीशी (धर्मगुरू घडवणाऱ्या संस्थेशी) निगडित ज्ञानदीप विद्यापीठाच्या मान्यताप्राप्त विद्याशाखांनाही चर्चच्या उच्चशिक्षणाचे हेच नियम लागू होतात.