लोखंडाआधी जस्त: झिंक प्लेटिंगची पार्श्वभूमी

जस्ताचा थर लोखंडाला झाकतो म्हणून गंज लागत नाही, हे अर्धंच खरं आहे. झाकायला रंगही पुरतो. पण रंगाला ओरखडा गेला की गंज तिथून आत शिरतो आणि रंगाखाली पसरत जातो. जस्ताला ओरखडा गेला, तर उघडं पडलेलं लोखंड बराच काळ तसंच राहतं. झिजतं ते आजूबाजूचं जस्त. वापर आधी सुरू झाला, हे कारण मागाहून नीट कळलं.

वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवून त्यावर थर चढवता येतो, हे पॉल-जाक मालुअँ या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने 1742 मध्ये तिथल्या विज्ञान अकादमीपुढे मांडलं. पुढे 1800 मध्ये व्होल्टाची बॅटरी आली आणि दोन धातू ओलाव्यात एकमेकांना टेकले की त्यांतला एक विरघळतो, याकडे लोकांचं लक्ष गेलं.

याचा मुद्दाम उपयोग करून पाहिला हम्फ्री डेव्ही या ब्रिटिश रसायनतज्ज्ञाने, 1824 मध्ये. ब्रिटिश नौदलाच्या जहाजांच्या तळाला ठोकलेला तांब्याचा पत्रा समुद्राच्या पाण्यात खाल्ला जात होता. डेव्हीने त्याला जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडले. तांब्याची झीज थांबली. उपाय इतका लागू पडला की त्यामुळेच फसला: विरघळणारं तांबं शिंपल्यांना आणि शेवाळाला विषासारखं दूर ठेवत होतं. ते विरघळेनासं झाल्यावर तळावर शिंपल्यांची पुटं चढली आणि जहाजं मंदावली. नौदलाने नाद सोडला, पण तत्त्व सिद्ध झालं होतं. आजच्या मोजमापात जस्ताचा प्रमाण विभव (धातूची विरघळण्याची ओढ दाखवणारा आकडा; जितका जास्त उणे तितकी ओढ जास्त) उणे 0.76 व्होल्ट आणि लोखंडाचा उणे 0.44, त्यामुळे दोघांत आधी जातं ते जस्त. कथिलाचं नेमकं उलटं. त्याच्या थराला चीर गेली की लोखंड जास्तच वेगाने गंजतं.

स्तानिस्लास सोरेलने 1837 मध्ये फ्रान्समध्ये पेटंट घेतलं आणि आम्लात साफ केलेलं लोखंड वितळलेल्या जस्तात बुडवण्याचा धंदा उभा राहिला. पाइप, पत्रे, मनोरे यांना ही पद्धत आजही उत्तम. पण तो थर जाड बसतो. बोल्टच्या आट्यांत जस्त भरलं की नट फिरत नाही.

इथे विजेचा मुलामा, म्हणजेच प्लेटिंग, कामाला आला: जस्ताच्या द्रावणात भाग बुडवून वीज सोडायची, की त्यावर जस्त बसतं. फॅरडेच्या 1834 च्या नियमानुसार किती धातू बसणार ते किती वीज सोडली यावर ठरतं, म्हणजे जाडी हातात राहते. नटबोल्टांना साधारण 5 ते 12 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग), कठीण जागी 25. डायनॅमोमुळे वीज स्वस्त झाल्यावर हे परवडू लागलं. बराच काळ सायनाइडचे बाथ, म्हणजे प्लेटिंगची द्रावणं, चालले. नंतर क्लोराइडचे आणि सायनाइडविना अल्कलीचे आले.

माझ्या मते या इतिहासातला सर्वांत दुर्लक्षित टप्पा म्हणजे 1930 च्या दशकातलं क्रोमेट पॅसिव्हेशन, म्हणजे क्रोमियमच्या संयुगाने जस्तावर चढवलेला पातळ संरक्षक थर. प्लेटिंगनंतर भाग काही सेकंद क्रोमेटच्या द्रावणात बुडवायचा, बस्स. पिवळसर, इंद्रधनुषी झाक येते आणि जस्ताची स्वतःची झीज मंदावते. सॉल्ट स्प्रे चाचणीत, म्हणजे भागावर मिठाच्या पाण्याचा फवारा मारून गंज पाहतात तेव्हा, हे डोळ्यांना दिसतं. पॅसिव्हेशन नसलेल्या बोल्टवर, विशेषतः पान्याने घासलेल्या कोपऱ्यांवर, लवकरच पांढरी भुकटी धरते. ती जस्ताची. जस्त संपत आल्यावर मग तांबडे ठिपके उमटतात. म्हणून पांढऱ्या गंजाचे तास वेगळे आणि तांबड्याचे वेगळे मोजतात. पिवळा रंग देणारं षट्संयुजी क्रोमियम (क्रोमियमचं क्रोमेटमधलं रूप) कर्करोगकारक असल्याने युरोपने 2006 मध्ये इलेक्ट्रॉनिक वस्तूंत आणि 2007 मध्ये गाड्यांत त्यावर बंदी आणली. त्याची जागा त्रिसंयुजी क्रोमियमने घेतली.

एक पथ्य मात्र पाळावंच लागतं. प्लेटिंग होताना हायड्रोजनही सुटतो आणि तो कडक पोलादात शिरला की बोल्ट कसल्यावर काही तासांनी अचानक तुटू शकतो. म्हणून असे बोल्ट प्लेटिंगनंतर लगेच, पॅसिव्हेशनच्या आधी, 200 अंश सेल्सियसच्या आसपास काही तास भट्टीत ठेवतात.