किबुत्झ : चूलसुद्धा सहकारात

ठाण्याला इस्रायल फार परकं नाही. टेंभी नाक्यावरचं सिनेगॉग १८७९ सालचं. कोकणात ज्यांना शनवार तेली म्हणत, त्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली या ज्यू समाजाची ठाण्यात जुनी वस्ती. १९४८ नंतर त्यांतली बरीच घरं इस्रायलला गेली. तिकडे गेलेला माणूस किबुत्झमध्येच, म्हणजे सगळं सामायिक असलेल्या सहकारी वस्तीतच, राहत असणार, असा इथल्या बऱ्याच जणांचा समज असतो. तो का चुकीचा, ते पुढे येईलच.

सहकार आपल्यालाही नवा नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरचा साखर कारखाना उभा केला, त्याचा पहिला गळीत हंगाम १९५० च्या सुमाराचा. पण तिथे सहकारात आला तो ऊस. शेतकऱ्याची जमीन त्याच्याच नावावर आणि चूल ज्याची त्याची. ठाण्यात तर मालकीच्या फ्लॅटमध्ये राहणारा जवळजवळ प्रत्येक जण सहकारी गृहनिर्माण संस्थेचा सभासद. तिथे एकत्र असतो जिना, पाण्याची टाकी आणि मेंटेनन्सची थकबाकी. किबुत्झवाल्यांनी जमीन, पगार, कपडे, स्वयंपाक आणि मुलं वाढवणं हे सगळंच एकत्र केलं, आणि हा प्रयोग पाऊणशे वर्षांहून जास्त चालवला.

सुरुवात तत्त्वापेक्षा अडचणीतून झाली. १९०३ च्या किशिनेवच्या ज्यूविरोधी दंगलीनंतर आणि १९०५ ची क्रांती फसल्यावर रशियन साम्राज्यातले ज्यू तरुण पॅलेस्टाइनला येऊ लागले. तेव्हा तिथे ऑटोमन तुर्कांचं राज्य होतं. आधीच्या ज्यू वसाहतींमध्ये द्राक्षमळे, संत्र्याच्या बागा होत्या, पण तिथे मजुरीला अरब शेतकरी असत. ते कमी पैशात काम करत आणि त्यांना शेती येत होती. शहरातून आलेली, समाजवादावर रात्रभर वाद घालणारी ही पोरं मजूर म्हणून कोणाला परवडणार? १९०८ साली जाफा बंदरात झायोनिस्ट संघटनेचं, म्हणजे पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंची मायभूमी उभी करू पाहणाऱ्या चळवळीचं, कार्यालय उघडलं. त्याचे प्रमुख आर्थर रुपिन यांनी गॅलिली सरोवराच्या काठी किन्नेरेत इथे शेतीफार्म काढला आणि त्यावर व्यवस्थापक नेमला. व्यवस्थापकाचं आणि मजुरांचं पटेना, संप झाला. तेव्हा रुपिननी शेजारची उम्म जुनी इथली जमीन व्यवस्थापकाशिवायच मजुरांच्या हाती देऊन पाहिली. १९१० मध्ये दहा पुरुष आणि दोन बायका तिथे राहायला आल्या. हाच देगानिया, पहिला किबुत्झ.

जमीन त्यांच्या मालकीची नव्हती. ती ज्यू राष्ट्रीय निधीची, म्हणजे विकता न येणारी, फक्त कसण्यापुरती. भांडवल नाही, त्यात मलेरिया. अशा ठिकाणी बारा जणांनी बारा चुली मांडल्या असत्या तर शेतावर गेलं कोण असतं? सामायिक स्वयंपाकघराचं तत्त्वज्ञान नंतर आलं, असं माझं मत.

त्याच १९१० साली दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळ गांधीजींचा टॉल्स्टॉय फार्म सुरू झाला, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. ११०० एकरांची ती जागा दिली हर्मन कॅलेनबाख या त्यांच्या ज्यू मित्राने. सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्यांची कुटुंबं सांभाळायची होती, म्हणून तिथेही एकच स्वयंपाकघर. फार्म काही वर्षांतच बंद पडला. हेच कॅलेनबाख १९३७ मध्ये भारतात गांधीजींकडे आले, ते झायोनिस्ट चळवळीची बाजू मांडायला. १९५८ मध्ये जयप्रकाश नारायण इस्रायलला जाऊन आले आणि भूदान-ग्रामदानवाल्यांमध्ये किबुत्झची चर्चा सुरू झाली. पण आपल्याकडे ग्रामदानी गावांतही कुटुंबाची चूल कोणी हलवली नाही.

१९२१ मध्ये एन हरोद हा मोठा किबुत्झ उभा राहिला. त्याच वर्षी नाहलाल हा पहिला मोशाव झाला. तिथे खरेदी-विक्री एकत्र, पण घर आणि शेत प्रत्येकाचं वेगळं; म्हणजे आपल्या सहकाराच्या बराच जवळचा. या दोन्ही वस्त्या जेझ्रील खोऱ्यातल्या; तिथली पुष्कळ जमीन बैरूतच्या सुरसोक या सावकार घराण्याकडून विकत घेतलेली. मालक बैरूतमध्ये, कसणारे अरब कुळ जमिनीवर. व्यवहार झाला आणि कुळांना उठावं लागलं. कूळकायद्याचा इतिहास माहीत असलेल्या मराठी वाचकाला यातली मेख वेगळी सांगायला नको. १९३६ ते १९३९ च्या अरब उठावाच्या काळात एका दिवसात कुंपण आणि टेहळणीचा मनोरा उभारून पन्नासहून जास्त वस्त्या बसवल्या गेल्या. १९४८ च्या युद्धानंतर रिकाम्या झालेल्या अरब गावांच्या जमिनीही अनेक किबुत्झकडे गेल्या. समता होती ती कुंपणाच्या आत.

आतली समता मात्र नुसती बोलण्यापुरती नव्हती. उद्या गोठ्यात कोण, भांड्यांवर कोण, याची यादी संध्याकाळी भोजनगृहातल्या फळ्यावर लागे. जेवणाच्या प्रत्येक टेबलावर मधोमध एक भांडं असे, त्याचं नाव कोलबोइनिक. सालं, हाडं, उरलंसुरलं सगळं त्यात टाकायचं. सुरुवातीच्या काळात कपडेही सामायिक. धुलाईघरातून जो मापाचा सदरा मिळेल तो घालायचा. सगळ्यात गमतीचा वाद किटलीचा. खोलीत स्वतःची चहाची किटली ठेवू द्यावी का, यावर गंभीर चर्चा झडल्या. लोक खोलीतच चहा प्यायला लागले तर संध्याकाळी भोजनगृहात येणार कोण, ही भीती. ती भीती रास्त होती, असं पुढच्या इतिहासावरून दिसतं. बहुतेक किबुत्झमध्ये मुलं बालगृहात झोपत आणि आईबापांना दुपारनंतर काही तास भेटत. ही पद्धत बायकांना घरकामातून सोडवण्यासाठी होती, पण पुढे ती मोडून काढण्याचा आग्रह धरणाऱ्यांत आयाच पुढे होत्या.

आता ठाण्याहून गेलेल्यांकडे. किबुत्झमध्ये शिरायचं तर सभासदांनी मत देऊन घ्यावं लागे. १९५० च्या दशकात आशिया-आफ्रिकेतून आलेल्यांना सरकारने मुख्यतः मोशाव आणि नव्या गावांमध्ये पाठवलं. कोचीनच्या ज्यूंना दक्षिणेच्या नेगेव वाळवंटातला नेवातीम हा मोशाव मिळाला, १९५४ मध्ये. बेने इस्रायली गेले ते बीरशेबा, दिमोना, लोद, अश्दोद अशा गावांत. काही जण भेदभावाला कंटाळून १९५२ मध्ये भारतात परतले. लग्नाच्या बाबतीत धर्मगुरूंनी त्यांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली. त्याविरुद्ध आंदोलन झालं आणि १९६४ मध्ये इस्रायली संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचं मान्य केलं. शेजारच्या अशा गावांतले लोक किबुत्झच्या कारखान्यांत रोजंदारीवर जाऊ लागले आणि 'दुसऱ्याच्या श्रमावर जगायचं नाही' हा मूळ नियम तिथेच ढिला झाला.

कारखाने वाढतच होते. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या ओळखीचं आधुनिक ठिबक सिंचन हे त्यातलंच. १९६५ मध्ये हात्झेरीम किबुत्झने अभियंता सिम्खा ब्लास यांच्या शोधावर नेटाफिम ही कंपनी काढली. पण कारखान्यांसाठी कर्जंही काढली गेली. १९७७ मध्ये किबुत्झच्या बाजूचा मजूर पक्ष सत्तेवरून गेला. १९८४ मध्ये महागाईचा दर ४०० टक्क्यांच्या वर होता. १९८५ मध्ये सरकारने ती आवळली, व्याज चढलं आणि कर्जं फिटेनात. बँका आणि सरकारशी तडजोड करताना खर्चाला कात्री लागली, तरुण शहराकडे निघाले. १९९० च्या दशकात बालगृहातलं झोपणं संपलं, भोजनगृहात ताटाचे पैसे पडू लागले आणि कामाप्रमाणे वेगवेगळा पगार आला. खुद्द देगानियाने तो २००७ मध्ये स्वीकारला.

आज सुमारे २७० किबुत्झ आहेत. त्यांतले बहुतेक पगारवाले. सगळं सामायिक ठेवणारे थोडेच उरलेत, आणि त्यांतले बरेचसे असे, ज्यांचा कारखाना जोरात चालतो.